कुमामोतो ते बेप्पू: आसोच्या ज्वालामुखीवरून गाडी नेताना काय काय बघायचं

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो, क्योतो, ओसाका आणि जमलं तर फुजी एवढं करून परत येतात, त्यात काही वाईट नाही, पण गाडी चालवायची आवड असेल तर माझं म्हणणं असं की खाली क्यूशू बेटावर जा आणि कुमामोतोहून बेप्पूपर्यंत स्वतः गाडी चालवत या. वाटेत आसो आणि कुजू हे दोन ज्वालामुखी, त्यांच्या मधलं मोकळं गवताळ पठार आणि त्या पठारावरून जाणारा यामानामी हायवे. कुमामोतो एअरपोर्ट ते बेप्पू हे सगळं मिळून साधारण सव्वाशे किलोमीटर, त्यामुळे मॅपवर तीन-साडेतीन तास दिसतात आणि लोक एका दिवसात उरकायचा प्लॅन करतात. तसं करू नका. दोन दिवस द्या आणि मधली रात्र आसोच्या आत काढा, बाकीचं सगळं पुढे-मागे झालं तरी चालेल.

आसोच्या आत म्हणजे खरोखरच आत. आसो म्हणजे एकटा उभा असलेला डोंगर नाही, तो एक प्रचंड मोठा खळगा आहे, उत्तर-दक्षिण २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १८ किलोमीटर. साधारण २ लाख ७० हजार वर्षांपूर्वीपासून ९० हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे चार महाभयंकर उद्रेक झाले, पोटातला लाव्हा बाहेर पडला आणि वरची जमीन खाली बसली, त्यालाच काल्डेरा म्हणतात. शेवटच्या उद्रेकाचा तापलेला राखेचा लोट समुद्र ओलांडून शेजारच्या होन्शू बेटावर पोचला होता आणि राख पार उत्तरेला होक्काइदोमध्ये सापडते. आज त्या खळग्यात भातशेती आहे, रेल्वे आहे, शाळा आहेत, जवळपास ५० हजार माणसं राहतात, आणि मधोमध नंतर तयार झालेली पाच शिखरं उभी आहेत ज्यातलं नाकादाके अजून धुमसतंय. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तो भेगांमधून शांतपणे वाहत आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आणि साडेसहा कोटी वर्षं जुना. इथे मामला वेगळा आणि अजून चालू आहे, हे डोक्यात असलं की रस्त्याचं प्रत्येक वळण का तसं आहे ते कळायला लागतं.

आता आधी कागदपत्रं, कारण यात गडबड झाली तर काउंटरवर गाडी मिळतच नाही. जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा कन्व्हेन्शनप्रमाणे दिलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटच चालतं. भारत त्यात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओतून काढलेलं परमिट चालतं, सारथीच्या साइटवर अर्ज करता येतो, आणि हातात आल्यावर आत १९४९ चा उल्लेख आहे ना हे एकदा वाचून घ्या. परमिट, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही सोबत पाहिजे, फोनमधला फोटो किंवा डिजीलॉकर नाही चालणार. परदेशात राहणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या: अमेरिकेतलं परमिट चालतं, पण जर्मनीत राहून तिथलं लायसन्स काढलं असेल तर तिथलं इंटरनॅशनल परमिट जपानमध्ये चालत नाही, त्याऐवजी जर्मन लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं आणि ते आधीच मागवून ठेवायचं. ब्रिटनमध्ये दोन-तीन प्रकारची परमिटं मिळतात, त्यातलं १९४९ वालंच घ्या.

गाडी घेताना दोघं असाल तर छोटी पिवळ्या नंबरप्लेटची केइ कार स्वस्त पडते आणि चालतेही, पण तिचं इंजिन ६६० सीसीचं, चार माणसं आणि चार बॅगा घेऊन घाट चढायचा म्हटलं की ती दमते, म्हणून कुटुंब असेल तर साधी हॅचबॅक किंवा हायब्रिड घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट कायद्याने लागते, बुकिंग करतानाच सांगा. इन्शुरन्समध्ये नेहमीच्या कव्हरबरोबर नॉन ऑपरेशन चार्जचं कव्हरही घ्या, कारण गाडी ठोकली तर दुरुस्तीच्या दिवसांचं नुकसान वेगळं लावतात. आणि कितीही छोटा ओरखडा असला तरी तिथल्या तिथे ११० नंबरवर पोलिसांना कळवायचं, पोलिसांची नोंद नसेल तर इन्शुरन्स लागू होत नाही. कुमामोतोला घेऊन बेप्पूला सोडायची असेल तर जादा पैसे पडतात, पण मी म्हणेन द्या ते पैसे, त्याच रस्त्याने परत यायला अर्धा दिवस जातो.

चालवणं आपल्याला सोपं जातं कारण गाड्या डाव्या बाजूनेच चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. इंडिकेटरसुद्धा बहुतेक गाड्यांना उजव्याच हाताला. पण सवयी बदलाव्या लागतात. लाल सिग्नलला डावीकडे वळायचं नाही, फ्री लेफ्ट हा प्रकार तिथे नाही. लाल रंगाचा उलटा त्रिकोण दिसला, त्यावर पांढरी जपानी अक्षरं, की गाडी पूर्ण थांबवायची, चाकं हललीच नाही पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. रेल्वे क्रॉसिंगला फाटक उघडं असलं तरी थांबून बघूनच पुढे जायचं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा दिसला की थांबायचं. हॉर्न जवळपास विसरून जा. बोर्डवर नुसता आकडा लिहिलेला असतो तो स्पीड लिमिट, घाटात बऱ्याचदा ४० किंवा ५०, आणि बोर्डच नसेल तर मधली रेषा असलेल्या साध्या रस्त्याला ६०. दारूच्या बाबतीत तर एक घोटही नको, पिणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.

कधी जायचं? मे मध्यापासून जून मध्यापर्यंत कुजूच्या उतारांवर मियामा किरिशिमा नावाची गुलाबी-जांभळी फुलं येतात, तेव्हा डोंगरच्या डोंगर रंगतात पण पार्किंग सकाळीच फुल्ल. जून ते जुलै मध्य पाऊस, आणि क्यूशूचा पाऊस हलका नसतो, दरडी येतात, रस्ते बंद होतात, त्यामुळे तेव्हा टाळा. सप्टेंबरनंतर उंच चंदेरी गवताचे तुरे, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानं लाल-पिवळी, हवा स्वच्छ, आणि पहाटे काल्डेरात धुकं साचून ढगांचा समुद्र होतो, मला विचाराल तर ऑक्टोबरच. डिसेंबर ते मार्च यामानामीवरच्या माकिनोतो खिंडीत बर्फ आणि काळं न दिसणारं आइस असतं, स्टडलेस म्हणजे बर्फाचे टायर घेतल्याशिवाय तिकडे जायचं नाही, आणि बर्फावर चालवायची सवय नसेल तर टायर घेऊनही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वेगळी गोष्ट असते, तेव्हा गावकरी ठरवून गवत जाळतात. हे कुरण असंच आपोआप टिकलेलं नाही, जाळलं नाही तर काही वर्षांत तिथे झुडपं आणि मग जंगल होईल, म्हणून हजार वर्षांपासून दरवर्षी जाळतात, मग हिरवं कोवळं गवत येतं आणि त्यावर आसोच्या तपकिरी गायी चरतात. या पद्धतीच्या शेतीला २०१३ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली. म्हणूनच फोटोसाठी कुंपण ओलांडून गवतात शिरू नका, ती गावाच्या मालकीची चराऊ जमीन आहे आणि बुटांना लागून येणाऱ्या मातीतून गुरांना रोग लागायची भीती खरी असते.

पहिला दिवस. कुमामोतो एअरपोर्ट आसोच्या बाजूलाच आहे, टोकियोहून फ्लाइटने आलात तर शहरात जायची गरजच नाही, तिथेच गाडी घ्या. फुकुओकाला उतरलात तर तिथल्या हाकाता स्टेशनहून शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने कुमामोतोला पाऊणएक तासाच्या आत पोचता आणि तिथून गाडी. आता इथे एक खाचखळगा: नेव्हिगेशन तुम्हाला सरळ ५७ नंबरच्या रस्त्याच्या नव्या बोगद्यात घालतं. एप्रिल २०१६ मध्ये इथे १४ आणि १६ तारखेला दोन मोठे भूकंप झाले, दुसरा ७.३ रिश्टरच्या आसपासचा, त्यात डोंगरकडा कोसळली, आसो ओहाशी हा मोठा पूल दरीत गेला, जुना रस्ता गाडला गेला, आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये जुना रस्ता दुरुस्त होऊन उघडला आणि त्याचबरोबर हा नवीन उत्तरेकडचा रस्ताही. नवा पूल मार्च २०२१ मध्ये झाला. बोगदा छान आहे, वेळ वाचतो, पण काल्डेराच्या काठावर चढायचा अनुभव जातो. म्हणून नेव्हिगेशनमध्ये मधला टप्पा म्हणून मिल्क रोड टाका. दुधाच्या गाड्यांचा हा रस्ता काठाकाठाने जातो, उजवीकडे खाली सगळा खळगा, डावीकडे कुरणं, आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही दाइकानबोला पोचता. इंटरनेटवर जुन्या फोटोंमध्ये लापुता रोड म्हणून ढगांवर तरंगणारा एक रस्ता दिसतो, तो शोधत बसू नका, भूकंपात तुटला तो बंदच आहे.

दाइकानबो म्हणजे उत्तर काठावरचं ९३६ मीटर उंचीचं टोक. पार्किंगपासून दहा मिनिटं चालायचं. समोर आसोची पाच शिखरं आडवी पसरलेली, आणि स्थानिक लोक त्यांच्यात निजलेला बुद्ध बघतात: डावीकडचं कातरलेलं नेकोदाके हा चेहरा, ताकादाके छाती, आणि धूर येणारं नाकादाके बेंबी. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध ज्याने पाहिलाय त्याला हे एका नजरेत दिसेल, सांगावं लागणार नाही. तिथे घाई करू नका, खाली शेतांचे चौकोन बघा, या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवा, तेव्हा कुठे या खळग्याचा आवाका कळतो.

मग खाली उतरून उचिनोमाकी गावातून पलीकडे शिखरांकडे चढायचं. वाटेत कोमेझुका दिसतो, तांदळाच्या राशीसारखा छोटा सुबक शंकू, चढायला बंदी आहे, रस्त्यावरूनच बघायचा. वर कुसासेनरी, साधारण ११०० मीटरवर एका जुन्या विवरात तयार झालेलं गवताचं मैदान, मधे तळं, घोडे, मागे धूर. मुलं असतील तर तासभर इथे सहज जातो आणि समोरच ज्वालामुखीचं म्युझियम आहे.

आता मुख्य गोष्ट, नाकादाकेचं क्रेटर. इथे तुमची मर्जी चालत नाही. जपानचं हवामान खातं ज्वालामुखीला १ ते ५ लेव्हल देतं. १ असेल तर क्रेटरच्या कडेपर्यंत जाता येतं, २ झाली की क्रेटरपासून एक किलोमीटरच्या आत बंदी. आणि लेव्हल १ असतानाही सल्फर डायऑक्साइड वायू जास्त झाला किंवा वारा फिरला की लगेच सगळ्यांना खाली पाठवतात. दमा, ब्राँकायटिस, हृदयाचा त्रास असलेल्यांनी वर जायचंच नाही, तिथे बोर्ड लावून बंदीच केलेली आहे, ते उगाच भीती घालायला लिहिलेलं नाही. आई-बाबांना घेऊन जात असाल तर हे आधी घरीच बोलून ठेवा, एकाने कुसासेनरीला त्यांच्याबरोबर थांबायचं, बाकीचे वर. २० ऑक्टोबर २०२१ ला भर दिवसा उद्रेक होऊन राखेचा लोट साडेतीन किलोमीटर वर गेला होता, त्यामुळे सायरन वाजला तर फोटो काढत थांबायचं नाही, कडेला काँक्रीटचे निवारे आहेत त्यात शिरायचं. जुना रोपवे आता नाही, वरच्या टर्मिनलहून शटल बस असते किंवा टोल भरून स्वतःच्या गाडीने जाता येतं. क्रेटर उघडं आहे का याची माहिती आसोच्या अधिकृत साइटवर सतत बदलत असते, निघायच्या आधी आणि कुसासेनरीला पोचल्यावर परत एकदा बघा.

आणि आसोत रात्र काढायचं खरं कारण हेच. संध्याकाळी क्रेटर बंद मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक संधी मिळते, जी एका दिवसात उरकणाऱ्यांना मिळत नाही. शिवाय उचिनोमाकी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथून पहाटे उठून वीसएक मिनिटांत परत दाइकानबोला जाता येतं, ढगांचा समुद्र बघायचा तो तेव्हाच, आदल्या दिवशी दमट हवा, रात्री आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल तर आशा जास्त.

दुसऱ्या दिवशी निघताना आसो देवळात थांबा. त्याचं दुमजली लाकडी महाद्वार २०१६ च्या भूकंपात पूर्ण आडवं झालं होतं, त्याचेच जुने लाकडी भाग जमतील तेवढे परत वापरून डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा उभं केलंय. बाहेरच्या गल्लीत दुकानांपुढे जमिनीतून वाहणारं पिण्याचं पाणी असतं, बाटल्या भरून घ्या. पेट्रोलही इथेच भरा, वर पंप कमी आणि गावातले रविवारी बंद असू शकतात. लाल नोझल म्हणजे रेग्युलर पेट्रोल, हिरवं म्हणजे डिझेल, आपल्या डोक्यात उलटसुलट होतं म्हणून भरायच्या आधी झाकणाच्या आतलं स्टिकर बघा.

मग इचिनोमिया गावातून यामानामी हायवे सुरू. १९६४ मध्ये टोल रोड म्हणून झाला, १९९४ पासून फुकट. चढताना शिरोयामाचा पॉइंट लागतो, तिथे थांबून खळगा शेवटचा मागे वळून बघायचा. काठ ओलांडला की अचानक सगळं मोकळं होतं, सेनोमोतोचं पठार, दोन्ही बाजूला गवत, रस्ता लांबवर वर-खाली होत जाणारा आणि समोर कुजूची रांग. पुढे घाट चढत १३३० मीटरवर माकिनोतो खिंड, हा या रस्त्याचा सगळ्यात उंच भाग. इथून पायवाटेने पंधरा-वीस मिनिटं वर गेलं तरी मस्त दिसतं, आणि दिवस हाताशी असेल, बूट चांगले असतील तर कुजू शिखराला जाऊन-येऊन पाचएक तास. खिंडीत धुकं फार पटकन येतं, आलं तर लाइट लावून हळू चालवा, मागचा घाईत वाटला तर जागा बघून डावीकडे घ्या आणि जाऊ द्या, वीकेंडला बाइकवाले खूप असतात.

उतरल्यावर चोजाबारु, तिथे तादेवारा पाणथळीवर लाकडी पायवाट आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतली ही जागा, तासभर नक्की द्या, समोरच्या डोंगरातून वाफा निघताना दिसतात तो भाग १९९५ मध्ये उसळला होता. जरा आडवाट करून हाच्चोबारुचं भूऔष्णिक वीज केंद्र, १ लाख १० हजार किलोवॅट, जपानमधलं सगळ्यात मोठं. ज्याच्या वायूपासून काल जपून राहायचं होतं तशाच ज्वालामुखीच्या उष्णतेवर इथे वीज तयार होते हे बघायला मला फार आवडतं, इंजिनिअर मंडळींनी चुकवू नका. पुढे कोकोनोएचा पादचारी झुलता पूल, ३९० मीटर लांब आणि दरीपासून १७३ मीटर वर, ५०० येन तिकीट, उंचीची भीती असेल तर सोडा, धबधबे काठावरूनही दिसतात.

जेवणाचं थोडं. शाकाहारी असाल तर सरळ सांगतो, या भागात पर्याय कमी. आसोचं नाव गायीच्या मांसासाठी, कुमामोतोचं घोड्याच्या मांसासाठी, आणि भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा रस असतोच. ताकाना मेशी म्हणजे मोहरीच्या पाल्याचं लोणचं घालून परतलेला भात, पण त्यात बऱ्याचदा अंडं किंवा मांस, विचारून घ्या. इकिनारी दांगो मात्र निर्धास्त खा, रताळं आणि गोड लाल बीनचं सारण भरून वाफवलेलं. दूध, दही, आइस्क्रीम इथलं फार चांगलं. बाकी थेपले, चिवडा, दशम्या, मेतकूट बरोबर असू द्या, फक्त मांसाचं काही आणि ताजी फळं, कच्चे तांदूळ नेऊ नका, एअरपोर्टला अडवतात. राहायच्या ठिकाणी जेवण सांगताना काय काय खात नाही ते बुकिंगच्या वेळीच जपानीत लिहून पाठवा, तिथे पोचून सांगितलं तर त्यांचीही पंचाईत होते.

गरम पाण्याच्या ओन्सेनबद्दल आपल्याकडे संकोच असतो कारण कपडे न घालता उतरायचं असतं, बायका-पुरुष वेगळे. आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग पाण्यात, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. नकोच वाटत असेल तर कुटुंबासाठी तासाभराच्या बोलीवर मिळणारा खाजगी हौद घ्या, किंवा नुसते पाय बुडवायची जागा, ती बऱ्याच गावांत असते. आणखी एक रात्र काढता आली तर सेनोमोतोहून थोडं आत कुरोकावाला जा, नदीकाठचं छोटं गाव आहे, तिथे लाकडाची चकती विकत घेऊन तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या हौदांत अंघोळ करता येते.

शेवटचा टप्पा मिझुवाके खिंड, मग युफुइन. युफुइनच्या मुख्य गल्लीत दुपारी प्रचंड गर्दी, मी तर म्हणेन तिथे जेवण करून निघा, आणि बेप्पूकडे जाताना सागिरीदाइच्या पॉइंटला थांबा, १५८३ मीटरचा युफुदाके अगदी अंगावर येतो. बेप्पूत शिरलं की गटारांमधून, घरांमागून वाफ निघत असते. गाडी परत करायच्या आधी जवळच्या पंपावर टाकी फुल्ल करून पावती ठेवा, काउंटरवर मागतात. तिथून सोनिक ट्रेन दोनेक तासांत हाकाताला नेते, आणि पुढे ओसाकाला जायचं असेल तर बेप्पूहून रात्रीची बोट आहे, संध्याकाळी चढायचं आणि सकाळी ओसाका, हॉटेलचा एक खर्च वाचतो, फक्त सुट्टीच्या दिवसांत केबिन लवकर भरतात म्हणून तिकीट आधीच काढून ठेवा.